प्रवासाची पुडी

गोळ्यांची पट्टी कात्रीनं आडवी कापता कापता बाईंनी मान वर न करता विचारलं, "सकाळची घेतलीस?"

"घेतली."

"पाण्याबरोबर?"

"नाही, दगडाबरोबर." भिंगरी दारात बसून बुटाची नाडी ओढत होती. "आई, मी अजून घरातच आहे. माझं पोटही घरातच आहे आणि चांगलं आहे. गोळ्या आजपासून कशाला?"

"चांगलं आहे म्हणूनच. बिघडल्यावर घेऊन काय उपयोग? मागच्या वेळी बघितलं ना काय झालं ते?"

"मागच्या वेळचं नको ना काढूस. निघताना तरी नको."

पण बाईंनी काढलंच. मागच्या वर्षी देशाच्या संघाची निवड होती. भिंगरीचं नाव भोंग्यावरून पुकारलं जात होतं आणि भिंगरी मैदानामागच्या संडासात भिंतीला धरून उभी होती. प्रवासात काय खाल्लं, कुठलं पाणी प्यायली, देव जाणे. तिच्या जागी जी निवडली गेली ती लांब वेणीची मुलगी. तिला भिंगरीनं त्याआधी एकदाही पुढे जाऊ दिलं नव्हतं. वर्षभर ती वेणी बाईंच्या डोळ्यांपुढून हलली नाही. पोर पळण्यात हरली असती तर बाईंनी गप गिळलं असतं. पण पोटापायी हरायचं? आणि तेही दवाखान्यात काम करणाऱ्या बाईच्या पोरीनं?

बाई कंपाउंडर होत्या. डॉक्टर पडद्याच्या आत बसत आणि बाई बाहेर काउंटरला. डॉक्टरांचं अक्षर गावात फक्त बाईंना लागायचं. कधी कधी डॉक्टरच आपली चिठ्ठी बाहेर पाठवून विचारत, "बाई, मी काय लिहिलंय हो?" अशा माणसाच्या हाताखाली आयुष्य गेल्यावर थोडी ऐट येणारच. सर्दी-पडशाची माणसं पडद्यापर्यंत जातच नसत. "डॉक्टरांना कशाला त्रास, ताई आहेत की," म्हणत आणि बाईंच्या समोरच जीभ बाहेर काढून उभी राहत. औषध कंपन्यांची माणसं सँपलच्या गोळ्या ठेवून जात, त्या बाईंच्या खणात साठत. त्यातूनच प्रवासाची पुडी निघाली. गल्लीतलं कुणी परगावी निघालं की बाईंकडे यायचं आणि पुडी घेऊन जायचं. तापाची, उलटीची, डोकेदुखीची गोळी, एका कागदात बांधलेली.

मागच्या वर्षीपासून त्यात एका लांबट पांढऱ्या गोळीची भर पडली होती. ही अँटिबायोटिक होती आणि ही भर बाईंची स्वतःची. जुलाबानं गळून गेलेल्या माणसाला डॉक्टर ती कधीकधी देत आणि माणूस दुसऱ्या दिवशी उठून बसे, हे त्यांनी कितीदा पाहिलं होतं. जी गोळी बिघडलेलं पोट ताळ्यावर आणते, ती चांगलं पोट बिघडू देईलच कशी? बाईंच्या मते यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

"डॉक्टरांना विचारलंस का पण?" भिंगरीनं उठता उठता म्हटलं.

"त्यांना काय विचारायचं? त्यांचं लिहिलेलं त्यांना वाचता येत नाही. सकाळ-संध्याकाळ एकेक, निवड होईपर्यंत. चुकवायची नाही." बाईंनी पुडी बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात खोचली आणि चेन ओढली. "या वेळी तुला काही होऊ देणार नाही मी."

भिंगरी पुढे होऊन आईच्या गळ्यात पडली. ती आता आईपेक्षा वीतभर उंच झाली होती. चालायला लागली ती थेट पळायलाच लागली होती, म्हणून शेजारीपाजारी म्हणायचे, पोरीच्या पायाला भिंगरी लागलीय. तेच नाव चिकटलं. दाखल्यावरचं नाव तिला पळायला शिकवणाऱ्या सरांनाही आठवून सांगावं लागायचं. वडील गेल्यावर घरात या दोघीच उरल्या, आणि त्यातली एक सतत धावत असल्यामुळे घर तसं रिकामंच असायचं.

सराव शिबिरातून पहिला फोन आला तेव्हा बाई काउंटरवर होत्या. बाकावर पेशंट बसले होते, शेजारच्या वहिनीही आपला खोकला घेऊन आल्या होत्या. बाईंनी फोन स्पीकरवर टाकला. ऐकू देत की सगळ्यांना.

"आई, निम्मं हॉस्टेल आडवं झालंय!" भिंगरी हसत होती. "संडासाबाहेर रांग लागलीय. लांब वेणीसुद्धा रांगेत. सर डोक्याला हात लावून बसलेत."

"आणि तू?"

"मी? मी दोनदा वाढून घेतलं आज."

बाईंनी सगळ्या बाकाकडे बघितलं. "बघा," त्या म्हणाल्या, "ऐकलंत ना?"

"धन्य आहे हो तुमची," शेजारच्या वहिनी खोकत म्हणाल्या. "आमचा थोरला फिरतीवर जाईल तेव्हा त्यालाही द्या हं ती गोळी. बाहेर गेला की पोट धरूनच परत येतो मेला."

आतून घंटी वाजली. "बाई, बाहेर एवढा कसला गलका?"

"काही नाही, डॉक्टर. भिंगरीचा फोन आहे."

"बरी आहे ना?"

"एकदम ठणठणीत!"

"छान, छान. पुढचा पेशंट पाठवा."

बाईंनी पुढचा पेशंट पाठवला. त्या दिवशी त्यांनी काउंटर दोनदा पुसलं आणि घरी जाताना उगीचच लांबच्या रस्त्यानं गेल्या. भेटेल त्याला सांगायचं होतं ना. गोळ्या संपत आल्या तेव्हा सरांच्या ओळखीचं कुणी तिकडे निघालं होतं, त्यांच्या हाती बाईंनी दुसरी पुडी धाडली. तिच्यावर बॉलपेननं लिहिलं, 'चुकवू नकोस'. खाली एक हसरा चेहराही काढला. तो चेहरा काही नीट जमला नाही.

त्यानंतरच्या फोनवर भिंगरीचा आवाज जरा उतरला होता.

"टाच धरलीय गं. मागच्या बाजूला. दोन्ही पायांना आहे, पण उजव्याला जास्त."

"पळणाऱ्यांची टाच दुखणार नाही तर काय बसून खाणाऱ्यांची दुखणार? गरम पाण्यात पाय घालून बस. मलम दिलंय ना, ते चोळ."

"तसं दुखत नाहीये पण. वेगळंच आहे काहीतरी. सकाळी पलंगावरून उतरले की पाय टेकवत नाही. सर म्हणतात, दोन दिवस थांब."

"मग थांब की. सर सांगतात तसं कर. पण गोळी चुकवू नकोस, ऐकतेस ना? आता तोंडाशी आलेला घास आहे. पोट बिघडलं तर सगळ्यावर पाणी."

"घेते गं बाई, घेते."

"शपथ?"

"शपथ."

फोन ठेवून बाई पुन्हा कामाला लागल्या. टाचेचं त्यांनी मनावर घेतलं नाही. त्यांच्या समोर रोज इतकी दुखणी येऊन बसायची की टाच म्हणजे दुखणंच वाटायचं नाही. आणि डॉक्टर? ते होते की पडद्याच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर. चहा पीत बसले होते.

निवडीच्या दिवशी बाई रजा घेऊन गेल्या. पायऱ्यांवर अगदी खाली, कठड्याला लागून बसल्या. सर आत कुंपणाशी उभे होते. भिंगरीनं उभ्या उभ्या टाचा उचलून पाहिल्या, उजवी हातानं दाबली, मग आईकडे बघून पोटावर हात फिरवला आणि अंगठा दाखवला. बाईंना हसू फुटलं. आता काय ते पळणंच, बाकी सगळं त्यांनी सांभाळलं होतं.

सुटतानाच ती पुढे होती. पहिल्या वळणावर तर असं अंतर पडलं, की मागच्या पायरीवरचं कुणीतरी म्हणालं, "ही कोण हो?" आणि बाई वळून सांगणार होत्या, माझी मुलगी. त्या वळल्याही. तेवढ्यात लोक एकदम 'अरे अरे' करायला लागले. बाईंनी परत बघितलं तर भिंगरी थांबली होती. थांबून ती मागे बघत होती, कुणी खोडी काढली तर बघावं तशी, चिडून. मग तिचा उजवा पाय खाली टेकला आणि ती बसलीच. बाकीच्या मुली तिच्या बाजूनं निघून गेल्या. लांब वेणीनं एकदा खाली बघितलं आणि तीही गेली.

बाई कठड्यावरून कशा उतरल्या ते त्यांना नंतर कधी आठवलं नाही.

"कुणीतरी मागून लाथ मारली, आई." भिंगरीचं तोंड पांढरंफटक पडलं होतं, पण ती रडत नव्हती. "टाचेवर. जोरात. आवाज आला बघ."

एवढं बाईंना पुरलं. पोरीला स्ट्रेचरवर घेत होते तेवढ्यात त्या तरातरा निघाल्या. शर्यत संपवून धापा टाकत उभ्या असलेल्या लांब वेणीपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"लाज नाही वाटत? मागच्या वर्षी जागा घेतलीस, पोट नाही भरलं का? पाय मोडायला निघालीस?"

"काकू, मी... मी तिच्या जवळपासही नव्हते हो." आणि तिला रडूच कोसळलं. ती पहिली आली होती आणि रडत होती.

सरांनी बाईंचा दंड धरला. "ताई, चला. मी बघत होतो. मागे कुणी नव्हतं."

"ती खोटं बोलेल का? माझी पोर?"

"खोटं नाही हो. पण मागे कुणीच नव्हतं."

हॉस्पिटलमधला सर्जन तरुण होता, बोलायला बरा होता. त्यानं भिंगरीला पालथं झोपवलं आणि डाव्या पायाची पोटरी दाबली. पाऊल हललं. उजव्या पायाची दाबली, पाऊल तसंच राहिलं. त्यानं पुन्हा दाबून बघितली. बाई ते पाऊल बघत होत्या. हल, त्या मनात म्हणाल्या, हल गं बाई.

"टाचेमागची शीर तुटलीय," सर्जन म्हणाला. "सगळ्यांना असंच वाटतं, कुणीतरी मागून मारलं. मारलेलं कुणी नसतं." त्यानं भिंगरीला सरळ व्हायला मदत केली. "आधी दुखत होती का?"

"हो. दोन्हीकडे."

"या वयात ही अशी सहजी तुटत नाही. काही इंजेक्शनं वगैरे घेतली होतीस? स्टिरॉइड?"

"आमच्याकडे असले धंदे चालत नाहीत," सर फणकाऱ्यानं म्हणाले.

"रागावू नका, विचारावं लागतं. मग पोटासाठी वगैरे अँटिबायोटिक? त्यात गोळ्यांची एक जात आहे. तिनं काही लोकांची ही शीर कमकुवत होते. आधी टाचा दुखतात. तेव्हा गोळी बंद करून विश्रांती घेतली तर बहुतेक निभावतं. नाही तर मग..."

त्यानं विचारलं होतं भिंगरीला. उत्तर बाईंनी दिलं.

"नाही."

"नक्की?"

"काही घेत नव्हती ती. मी स्वतः दवाखान्यात आहे ना, मला माहीत नसेल का?"

"हां, मग प्रश्नच मिटला," सर्जन म्हणाला आणि पुढच्या तयारीला लागला.

भिंगरी छताकडे बघत पडली होती. तिची बॅग बाईंच्या पायाशी होती. बाईंनी ती टाचेनं हळूच बाकाखाली सरकवली.

"पळेल ना?" सरांनी दारात विचारलं.

"चालेल. व्यवस्थित चालेल."

"मी पळण्याचं विचारतोय, डॉक्टर."

"आत्ता चालण्याचं बोलू या," सर्जन म्हणाला.

ऑपरेशन चालू असताना बाईंनी बॅगेची चेन उघडली. पुडीत चारच गोळ्या उरल्या होत्या. पोरीनं एकही चुकवली नव्हती. कागदावरचा हसरा चेहरा घामानं पुसट झाला होता. बाईंनी सगळं संडासात टाकून पाणी सोडलं. एक गोळी वर तरंगत राहिली, तर पुन्हा सोडलं. मग तिथेच दाराला पाठ लावून त्या तोंडात पदर कोंबून रडल्या. पोरीच्या पायासाठी रडल्या आणि त्या 'नाही'साठीही रडल्या. त्यातलं जास्त कशासाठी ते त्यांनाही कळेना.

दवाखान्यात परत कामावर गेल्यावर, बाकं रिकामी झाल्यावर, त्या पहिल्यांदाच काम नसताना पडद्याच्या आत गेल्या.

"डॉक्टर, एक पेशंट विचारत होता. प्रवासात पोट बिघडू नये म्हणून ती लांबट गोळी आधीपासून घेतली तर?"

"कशाला? बिघडू नये म्हणून कुणी अँटिबायोटिक खातं का? पाणी उकळून प्या म्हणावं, हात धुवा. बिघडलंच तर साखर-मिठाचं पाणी, आणि फारच झालं तर बघू."

"आणि पळणारं कुणी असेल तर?"

"पळणाऱ्याला तर मी ती देतच नाही. टाच जाते एखाद्याची. क्वचित, पण जाते." डॉक्टरांनी चष्मा काढला. मग बाईंकडे नीट बघितलं. "कुठला पेशंट, बाई?"

"नवीन होता."

डॉक्टरांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. "मी इथेच बसलेलो असतो हो," ते म्हणाले. "विचारत जा."

एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या दिवशी बाईंनी सँपलचा खण रिकामा केला. घरच्या फळीवर पुड्यांसाठी ठेवलेला पत्र्याचा डबा मात्र त्यांना खाली काढवेना. काढला असता तर भिंगरीनं विचारलं असतं, का गं?

भिंगरी प्लॅस्टरचा पाय खुर्चीवर ठेवून दिवसभर त्या डब्यासमोरच बसलेली असायची. विणायची सुई प्लॅस्टरमध्ये घालून खाजवायची, नखं कापायची, पुन्हा पुन्हा कापायची. भेटायला येणाऱ्यांशी नीट बोलायची. कुणी हळहळलं की म्हणायची, "काय करणार, मावशी. पोट मात्र एक दिवस बिघडलं नाही हं. आईच्या गोळ्या." मावशी मान हलवायच्या, "आई आहे म्हणून हो," म्हणायच्या. बाई आत गॅससमोर उभ्या राहून चहा उतू जाऊ द्यायच्या.

सांगायचं होतं. रोज सकाळी उठताना त्या ठरवायच्या की आज सांगू. पाय धरून सांगू. पण पोर जोवर त्यांच्या गोळ्यांचं कौतुक करत होती तोवर तोंड उघडणार कसं? आणि खरं म्हणजे ते कौतुक त्यांना हवंही होतं, हेच सगळ्यात वाईट होतं. पोरीचा पाय गेला तो गेलाच. निदान आई तरी तिच्या लेखी आई राहू दे.

शेजारच्या वहिनी आल्या त्या संध्याकाळी घाईतच होत्या. चपलासुद्धा काढल्या नाहीत, उंबऱ्यातूनच बोलल्या.

"ताई, थोरला उद्या फिरतीवर चाललाय. ती तुमची पुडी द्या की बांधून. लांबट गोळी घाला हं त्यात, भिंगरीला दिलेली."

"संपल्यात, वहिनी."

"अहो संपल्यात काय, तो काय डबा! दिसतोय की इथून."

बाईंनी डबा खाली काढला. आतल्या गोळ्या वाजल्या. "नाही म्हणजे, आधीपासून कशाला घ्यायची? पाणी उकळून प्यायला सांगा त्याला. बिघडलंच तर मग बघू."

"आता हे काय नवीन? तुम्हीच तर सांगायचात, बिघडायची वाट बघायची नाही म्हणून!" वहिनी हसल्या. "का हो, आमच्या वेळीच हात आखडता?"

खरं कारण भिंगरीसमोर सांगण्यासारखं नव्हतं आणि खोटं कारण चटकन तोंडावर आलं नाही. त्या डबा पोटाशी धरून उभ्या राहिल्या.

"काकू," भिंगरी सुई प्लॅस्टरमधून काढत म्हणाली, "तुमचा थोरला पळतो का हो?"

"तो? अगं, जिना चढला तरी धापा टाकतो तो. पळतोय कसला!"

"मग देऊन टाक, आई. त्याला काही होणार नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं जवळ पडलेली पट्ट्या कापायची कात्री उचलली आणि मूठ आईकडे करून पुढे धरली.